चाळीस डोलीवाले

"साहेब, यांना डोळे नाहीत."

खोक्यातला पहिला शिपाई उचलून अण्णांनी खिडकीच्या उजेडात धरला, चांगला उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच म्हणाले. कॅप्टन गुप्ते आमच्या ओटीवर खुर्चीत बसले होते. ते हसले.

"ओतीव शिसं आहे, वाडकर. नाक, डोळे, मिशा, सगळं साच्यातूनच आलंय. रंग चढला की दिसेल."

"खाच आहे. डोळा नाही," अण्णा म्हणाले. "तो घालावा लागेल."

"मग घाला की! त्यासाठीच तर तुमच्या दारात आलोय."

मी चहा घेऊन उंबऱ्यात उभी होते. तीन महिन्यांत पहिल्यांदा अण्णांच्या आवाजात जीव ऐकला. खरं सांगते, त्या कॅप्टनच्या पाया पडावंसं वाटलं मला.

आम्ही पेणचे. पेण म्हणजे गणपती, हे काही मी वेगळं सांगायला नको. माझे वडील अण्णा, म्हणजे अनंत वाडकर, मधुशेठच्या कारखान्यात एकतीस वर्षं आखणी करत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साच्यात माती कोणीही दाबतो, अंगाला रंग कोणीही मारतो, पण डोळे काढणारा कारखान्यात एखादाच असतो आणि त्याचा मान शेठच्या खालोखाल. "अनंतमामांच्या डोळ्याची मूर्ती द्या" असं सांगून गिऱ्हाइकं आगाऊ नाव लावायची. आणि त्या साली, गणपती पंधरा दिवसांवर आलेले असताना, भर कारखान्यात एका मूर्तीचा डोळा ओढताना अण्णांचा हात हलला. रेघ पार कानापर्यंत गेली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मधुशेठनी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. वाईट बोलले नाहीत हो. "अनंता, थोडा आराम कर," एवढंच म्हणाले. आणि आरामाच्या नावाखाली त्यांना मूर्ती घासायला बसवलं, पॉलिशपेपर देऊन, काल आलेल्या गड्यांच्या रांगेत.

त्या दिवसापासून अण्णांनी कारखाना सोडला आणि बोलायचेच बंद झाले, घरात भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. दिवाळीला लाडू पुढे ठेवला तर लाडवाकडे बघत बसले. आई म्हणायची, "यांच्या हाताला काहीतरी काम द्या गं कोणीतरी. असा माणूस जातो हो, बघता बघता जातो."

कॅप्टनना आमच्याकडे मधुशेठनीच धाडलं होतं. शेठच्या मनात अण्णांबद्दल दया होती की आपली टोचणी घालवायची होती, देव जाणे.

कॅप्टन यशोधन गुप्ते तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते. मोम्बासा, डर्बन, मसावा, सगळी आफ्रिकेची बंदरं त्यांना आपल्या परसासारखी ठाऊक. निवृत्त होऊन भोगावती नदीच्या काठाला बंगला बांधून राहिले होते. बायको वारलेली, मुलगी परदेशात. त्यांचा नाद एकच. आफ्रिकेत गोऱ्यांनी केलेल्या लढायांची शिशाची सैन्यं जमवायची, रंगवायची आणि मोठ्या टेबलावर मांडून मित्रांबरोबर ती लढाई पुन्हा खेळायची. फासे टाकायचे, फूटपट्टीने मोजून पलटणी पुढे सरकवायच्या, कोण मेलं कोण राहिलं ते फाशांवर ठरवायचं.

"एवढे मोठे बापये आणि बाहुल्या खेळतात?" मी म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या, पहिल्यापासून.

"पमे!" अण्णा ओरडले.

"बोलू द्या, बोलू द्या," कॅप्टन म्हणाले. "माझी बायको याहून वाईट बोलायची." मग त्यांनी समजावून सांगितलं. खोक्यातलं सैन्य अठराशे अडुसष्ट सालातलं. इंग्रजांनी मुंबईहून जहाजं भरभरून फौज हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, नेली होती, तिथल्या राजाने डांबून ठेवलेले गोरे सोडवायला. "आपल्या जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे जिथले, तोच मुलूख," ते म्हणाले. दोनशे बाहुल्या होत्या. साठ गोरे, चाळीस आपल्या मुंबई पलटणीचे शिपाई, साठ हबशी, आणि उरलेले चाळीस डोलीवाले आणि हमाल. उंचीला एकेक माणूस बोटाच्या दीड पेराएवढा.

"वीस वर्षं गोळा करतोय," कॅप्टन म्हणाले. "आणि आता डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं सगळं गेलंच आहे, समोरचं राहिलंय तेही किती दिवस, डॉक्टर सांगत नाहीत. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पुण्या-मुंबईचे मित्र यायचेत. हे सैन्य पुरतं रंगवलेलं एकदा टेबलावर बघायचंय मला. बस."

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "होईल."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओटीवर छावणी पडली. प्रत्येक शिपाई औषधाच्या बाटलीच्या बुचावर डिंकाने चिकटवायचा, म्हणजे रंगवताना धरता येतो. कानशीने शिशाची शिवण घासायची, साबणाने धुवायचं, मग अस्तराचा, म्हणजे रंगाखालच्या रंगाचा, हात. गणवेश, पट्टे, बूट, बंदुका माझ्याकडे. हबशांची पांढरी शाल आणि तिच्यावरचा तांबडा पट्टा माझ्याकडे. अण्णा फक्त चेहरा करायचे आणि डोळे. ब्रश तीन शून्याचा, टोक केसाएवढं बारीक. पांढऱ्याचा एक बारीक ठिपका, त्यावर काळी उभी टीप, आणि वर पापणीची रेघ. एवढ्याशा डोक्यावर एवढंच मावतं.

पहिल्या दिवशी त्यांनी बारा गोऱ्यांचे डोळे काढले. बारा माणसं, चोवीस डोळे, सबंध सकाळ गेली. चष्मा कपाळावर सारून मला म्हणाले, "कसे आलेत गं?"

मी वाकून बघितलं. एकाचा डोळा गालावर उतरलेला. एकाचे दोन्ही डोळे एका बाजूला. एकाची पापणी टोपीत शिरलेली. अण्णांना जवळचं चष्म्यातूनही धूसरच दिसायचं, ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षांच्या सवयीने हात चालत होता, आणि हात कुठे जातोय ते त्यांना दिसत नव्हतं.

"झकास," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं म्हणजे? अण्णा, तुमचा डोळा आहे तो."

त्या दिवशी त्यांनी जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि आईला म्हणाले, "आजची आमटी बरी झालीय." आईने पदर डोळ्यांना लावला. मग ते रोजच्यासारखे माजघरात आडवे झाले.

मी ओटीवर आले. टर्पेंटाइनमध्ये चिंधी भिजवली आणि बाराच्या बारा जणांचे डोळे पुसून काढले.

आता यातलं पाप काय ते सांगायला हवं. आमच्या धंद्यात ओढलेला डोळा दुसऱ्याने पुसायचा नाही. चुकला तर ज्याचा त्याने पुसायचा, आणि पुसण्याआधी मूर्तीला हात जोडायचे. हे मला अण्णांनीच शिकवलं होतं. आखणीही त्यांनीच शिकवली होती, घरात, हौसेने. कारखान्यात मला डोळ्यांना कधी हात लावू दिला नाही कोणी. एक तर बाईमाणूस, त्यात डावखुरी. मधुशेठ म्हणायचे, "देवाचे डोळे डाव्या हाताने? गिऱ्हाईक मूर्ती परत आणून टाकेल." आज माझ्या हाताखाली चार मुली आखणी करतात आणि त्यातली एक डावखुरी आहे. पण तेव्हाचं तेव्हा.

मी माझ्या मनाची समजूत घातली. हे कुठे देव आहेत? इंग्रज आहेत मेले. इंग्रजांचे डोळे पुसले तर कसलं पाप! आणि अण्णांना खरं सांगितलं असतं तर ते परत भिंतीकडे तोंड करून बसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची. तासाभरात मी बारा जणांचे डोळे नव्याने काढले. अण्णा उठायच्या आत सगळे पहिल्यासारखे रांगेत.

मग तेच रोज चाललं. सकाळी ते काढायचे, विचारायचे, "कसे आलेत गं?" मी म्हणायचे, "झकास." दुपारी मी पुसायचे आणि काढायचे.

दर आठवड्याला कॅप्टन यायचे. हातात हे एवढं मोठं भिंग. शिपायाला अगदी नाकाशी धरून बघायचे आणि म्हणायचे, "वाडकर, काय हात आहे तुमचा! हा बघा, हा गोरा घाबरलाय. बंदूक धरलीय पण घाबरलाय. कसं काय जमतं हो?"

"डोळ्यात सगळं असतं, साहेब," अण्णा म्हणायचे. मी आत जाऊन उगाच भांडी आपटायचे.

हे खरं, की अण्णा बदलले. पाठ सरळ झाली. पारावर जाऊन बसायला लागले. एकदा तर शीळ घालताना ऐकलं मी. त्या शिळेपायी मी आणखी हजार डोळे पुसले असते, असंच वाटायचं तेव्हा.

शेवटी डोलीवाले राहिले. दोन खांद्यांवर दांडा, मध्ये जखमींना न्यायची डोली, नाहीतर पाठीवर गाठोडं, अंगाला लंगोटी नि मुंडासं. कॅप्टन म्हणाले, "यांच्यावर वेळ घालवू नका. यांना खेळात गुण नाहीत."

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे ते लढत नाहीत. ओझं म्हणून धरायचं त्यांना. मारले गेले तर टेबलावरून उचलायचे, मोजायचेसुद्धा नाहीत. डोळे नाही काढले तरी चालतील, कोण बघतंय!"

"माणसं कुठली ही?"

"मुंबईहूनच नेली. कोकणातली, देशावरची. हजारांनी नेली."

"परत किती आली?"

कॅप्टननी भिंग खिशात ठेवलं. "साहेबलोकांची नावं पुस्तकात आहेत, वाडकर. यांची मला कुठे सापडली नाहीत."

ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "पमे, हे चाळीस माझे. अस्तरापासून सगळं मी करणार. तू हात लावायचा नाहीस. आपली माणसं आहेत, डोळ्याविना कशी सोडायची?"

त्यांनी चार दिवस घेतले. प्रत्येकाच्या मुंडाशाचा रंग वेगळा केला. डोळे काढताना ओठ हलायचे त्यांचे, काय पुटपुटत होते कोण जाणे. चाळिसावा झाला तेव्हा रविवार तीन दिवसांवर होता. "कसे आलेत गं?"

"झकास."

ते चाळीस मी पुसले नाहीत. त्यांनी हात लावायचा नाही म्हटलं म्हणून नव्हे, तेवढी सज्जन मी नव्हते. कंटाळले होते. कॅप्टन स्वतःच म्हणाले होते, यांच्याकडे कोण बघतंय. आळस केला मी, दुसरं काही नाही. वर वार्निशचा हात मारला आणि खोक्यात भरले.

त्याच संध्याकाळी मधुशेठ आले. ओटीवर चढता चढताच म्हणाले, "अनंता, कॅप्टनसाहेब गावभर तुझी तारीफ करत फिरतायत. हात परत आला म्हणे तुझा?"

अण्णा नुसते हसले.

"मग ऐक. दादरच्या एका मंडळाची बारा फुटी मूर्ती घेतलीय यंदा. पहिल्यांदाच एवढी मोठी. त्यांना अनंतमामांचाच डोळा हवाय. गणपतीच्या आधी आठ दिवस मंडळाचे सगळे लोक येऊन समोर उभे राहणार, त्यांच्यासमोर आखणी करायची. करशील ना?"

"करीन," अण्णा म्हणाले. मग आत वळून केवढ्यानं ओरडले, "अगं ऐकलंस का? शेठना चहा टाक, साखर जास्त घाल!"

बारा फुटी मूर्ती, फळीवर उभे अण्णा, खाली शंभर माणसं. तिथे दुपारी गुपचूप पुसायला मला कोण देणार होतं? सांगायलाच हवं होतं. पण आईने साखर जास्त घातली, अण्णा पानाचा डबा काढून बसले, आणि मी शेठना कप नेऊन दिला. मनाशी म्हटलं, रविवार होऊ दे. कॅप्टनचा खेळ होऊ दे. सोमवारी सांगते.

रविवारी कॅप्टननी आम्हा दोघांना मुद्दाम बोलावलं. अण्णांनी लग्नाकार्यातला कोट घातला. बंगल्याच्या हॉलमध्ये जेवणाची दोन टेबलं जोडून वर मातकट कापड पसरलं होतं, थर्माकोलचा डोंगर, डोंगरावर किल्ला. आणि सगळीकडे आमचे लोक उभे. डोंगरावर हबशी पांढऱ्या शाली पांघरून, खाली घळीत खाकी रांगा. मी ते सगळे सुटे सुटे बघितले होते. एकत्र असे आत्ताच बघत होते.

कॅप्टन टेबलाभोवती तीनदा फिरले. कडेला हात लावून, हळूहळू. मग रुमाल काढला. "वाडकर," एवढंच म्हणाले.

पाहुणे पाच होते. सगळे पन्नाशीच्या पुढचे, फासे हातात घेतले की भांडणारे. पुण्याचे डॉक्टर दिवेकर त्यातले एक, दातांचे डॉक्टर. त्यांच्या चष्म्याला पुढे दोन छोट्या दुर्बिणी लावलेल्या, दातांची भोकं बघायला वापरतात तशा. ते गोऱ्यांच्या बाजूने खेळत होते. प्रत्येक शिपाई उचलून त्या दुर्बिणींतून बघायचे आणि "वा!" म्हणून खाली ठेवायचे. अण्णा दारापाशी चहाचा कप घेऊन उभे होते. प्रत्येक "वा"बरोबर त्यांची मान किंचित हलत होती.

दोन तास झाले. हबशांनी डोंगरावरून खाली धाव घेतली आणि घळीत अडकलेल्या सामानावर तुटून पडले. कॅप्टननी फासे टाकले. "गेले तुमचे डोलीवाले, डॉक्टर. उचला."

दिवेकरांनी ओंजळभर डोलीवाले उचलले. सहज म्हणून एक डोळ्यांशी धरला आणि मोठ्याने हसले. "अहो गुप्ते, हे हमाल पिऊन आलेत की काय? हा बघा, एक डोळा कपाळावर, एक मिशीत. आणि याला तर तीन डोळे आहेत!"

सगळे हसले. कॅप्टनही हसले, त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. "राहू द्या हो. त्यांच्याकडे कोण बघतंय!"

"नाही, पण गंमत बघा," दिवेकर म्हणाले, "बाकीचं काम अप्रतिम आहे. हे त्या माणसाचं नव्हेच. कोण्या नवशिक्याला दिलंत वाटतं?"

कप बशीवर वाजला. अण्णा टेबलाशी आले होते. "डॉक्टर," ते म्हणाले, "तो चष्मा जरा देता का?"

मला वाटलं धावत जावं आणि टेबल उलथं करावं.

अण्णांनी आधी डोलीवाला बघितला. मग दुसरा. मग तिसरा. घाई नाही, गडबड नाही. मग त्यांनी एक गोरा शिपाई उचलला आणि त्याच्याकडे इतका वेळ बघत राहिले की खोलीतली कुजबुज थांबली. मला कळलं ते काय बघतायत. पापणीची रेघ जिथून सुरू होते तिथे जाड असते आणि सुटते तिथे बारीक. अण्णा उजव्या हाताचे, त्यांची रेघ डावीकडून सुरू व्हायची. त्या शिपायाच्या पापण्या उजवीकडे जाड होत्या. मग त्यांनी एक हबशी घेतला, मग मुंबई पलटणीचा एक शिपाई. आपला एकही डोळा सापडतोय का ते शोधत होते ते.

चष्मा काढून त्यांनी तो डॉक्टरांच्या हातात नीट ठेवला.

"डॉक्टर, हे डोलीवाले माझे," ते म्हणाले. "बाकीचे सगळे माझ्या मुलीचे. ती डावखुरी आहे."

"काय वाडकर, थट्टा करता?" कॅप्टन म्हणाले.

"नाही साहेब. तुम्ही इतके दिवस जी तारीफ केलीत ती हिची. मला आज कळलं." त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. "खेळ चालू द्या. चल गं."

कॅप्टन दारापर्यंत आले, "अहो वाडकर, ऐका तरी," म्हणत. अण्णा थांबले नाहीत.

नदीकाठच्या रस्त्याने आम्ही चालत होतो. दुपारचे चार वाजले असतील. ते पुढे, मी मागे. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याशी आल्यावर ते बसले. कोटाची बटणं सोडली.

"पहिल्या दिवसापासून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळे पुसलेस?"

"हो अण्णा."

"हात जोडलेस का, पुसण्याआधी?"

मला रडू फुटलं. "अण्णा, तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं हो. तुम्ही बोलत नव्हता, जेवत नव्हता..."

"ते विचारत नाही मी. रडू नको." ते नदीकडे बघत होते. "मला एक सांग. ते चाळीस. ती काचच तसली होती की खरंच तितके वाईट आहेत?"

काचेतून सगळंच वाईट दिसतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"वाईट आहेत, अण्णा."

त्यांनी मान हलवली. बोलले तेव्हा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं.

"मला दिसत नाही गं. हात हललेला मला कळतसुद्धा नाही. म्हणून तर रोज तुला विचारत होतो. दुसरं कोण होतं मला विचारायला?"

मी त्यांचा पाय धरला, त्यांनी तो सोडवून घेतला, हळूच, पण सोडवून घेतला.

"ऊठ," ते म्हणाले. "मधुशेठकडे जायचंय."

"आत्ता? उद्या जाऊ या. मी एकटी जाऊन सांगते पाहिजे तर."

"उद्या मला धीर होणार नाही."

माघी गणपती जवळ आलेले, म्हणून रविवार असूनही कारखाना चालू होता. दहा-बारा माणसं कामाला होती. अण्णांना कोटात बघून सगळे उठून उभे राहिले. मधुशेठ गादीवरून म्हणाले, "या या, अनंतमामा! कसा झाला साहेबांचा खेळ?"

"शेठ," अण्णा उभ्यानेच म्हणाले, "दादरची मूर्ती मला नको. माझा आखणीचा हात गेला."

शेठ हसले. "हे काय नवीन? रुसलास होय अजून? अरे मी तेव्हा बोललो ते..."

"रुसलो नाही. खरंच गेला."

"गेला कसा? अरे, कॅप्टनसाहेब स्वतः भिंग लावून बघतात आणि सांगतात. साऱ्या गावाला ठाऊक आहे." शेठनी माझ्याकडे मान वळवली. "पमा, तू सांग. तू रोज शेजारी बसतेस त्यांच्या. खरं बोलतो का गं हा?"

कारखान्यात एकही ब्रश हलत नव्हता. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. घरात, चार भिंतींच्या आत, कोणी ऐकत नसताना जे मी इतके दिवस बोलले नव्हते, ते आता बारा माणसांसमोर बोलायचं होतं. आणि ते वाट बघत होते. मी बोलावं म्हणून वाट बघत होते.

"खरं आहे, शेठ," मी म्हणाले. "अण्णांचा हात कापतो. त्यांना डोळा काढता येत नाही आता."

अण्णांचे खांदे खाली आले. शेठ काहीतरी बोलायला गेले, पण अण्णांनी हातानेच थांबवलं. कोट काढून खुंटीला अडकवला. घासणाऱ्यांच्या रांगेत जाऊन त्यांनी पाट ओढून घेतला, समोरची कच्ची मूर्ती मांडीवर घेतली आणि पॉलिशपेपरचा तुकडा फाडला.

"घरी जा तू," ते म्हणाले. "आईला सांग, मला यायला आठ वाजतील."

मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून मूर्ती घासल्याचा आवाज सुरू झाला होता.